साईटवरची नोनी : एका पोरीला शाळेत टिकवताना आमचं काय काय चुकलं

पहिलेच सांगून देते, ‘नोनी’ हे तिचं नाव नाही. छत्तीसगढीत घरच्या पोरीला लाडानं नोनी म्हणतात आणि पोराला बाबू, तिची आईपण तिला तशीच हाक मारायची, म्हणून मीपण इथे नोनीच लिहिते. आमची शाळा जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंत, नागपूरच्या दक्षिण टोकाला, बेसा-पिपळाकडे, जिथे काल वावर होतं तिथे आज सात मजली फ्लॅट स्कीम उभी असते. शिक्षक दोनच, मी आणि आमचे हेडसर. हे सगळं लिहून काढायचं कारण इतकंच की या प्रकरणात आम्ही जवळजवळ महिनाभर चुकीच्या गोष्टीवर मेहनत करत बसलो, आणि मला वाटते बाहेरून आलेल्या पोरांच्या बाबतीत बऱ्याच शाळांचं असंच होत असेल.

तर दिवाळीनंतर, नोव्हेंबर संपता संपता, शाळेजवळच्या बांधकामाच्या साईटवर छत्तीसगढच्या राजनांदगाव जिल्ह्यातली सात-आठ कुटुंबं आली. धानाची कापणी झाली की ही मंडळी निघतात, पावसाळ्याच्या तोंडावर पेरणीला परत. इतवारी स्टेशनला उतरायचं, ठेकेदाराची गाडी घ्यायला येते, साईटवर टिनाच्या खोल्या, बाप मिस्त्रीच्या हाताखाली आणि आई रेजा, म्हणजे बांधकामावरची मजूर बाई. मला ही पोरगी पहिल्यांदा दिसली ती बोअरच्या नळावर, कमरेवर आठ-दहा महिन्याचं बाळ, दुसऱ्या हातात पाण्याची गुंडी, मागं चार वर्षाचा एक भाऊ शेंबूड ओढत. वय विचारलं तर म्हणते नऊ. मी म्हटलं शाळेत येशील का, तर हो पण नाही म्हटलं आणि नाही पण नाही म्हटलं, पळून गेली.

मग आम्ही जी पहिली चूक केली ती अशी की दुसऱ्या दिवशी मी आणि सर दोघं रजिस्टर घेऊन, गळ्यात ओळखपत्र, मोबाईलवर फोटो काढत साईटवर गेलो. शाळाबाह्य मुलांचा सर्व्हे म्हटला की फोटो लागतोच ना. तर साईटवर एकही मूल नाही! सकाळी अकरा पोट्टे मी स्वतः मोजले होते, आता एक नाही. नंतर कळलं की मुकादमानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, कोणी कागद घेऊन आलं की पोरं मागच्या खोलीत टाका, बालमजुरीची केस होते. चौदाच्या आतल्या मुलाला कामाला लावणं २०१६ च्या दुरुस्तीनंतर गुन्हा आहे हे मुकादमाला बरोबर माहीत, पण शाळावाले वेगळे आणि लेबर ऑफिसवाले वेगळे हे त्या बायांना कोण सांगणार. आमचं रजिस्टर त्यांना पोलिसाच्या डायरीसारखं दिसलं. त्यानंतर मी एकटी, हातात काही न घेता, संध्याकाळी सातनंतर जायला लागले, चुली पेटलेल्या असतात तेव्हा. दिवसा अकरा वाजताची पालकसभा या लोकांसाठी म्हणजे अर्धी रोजी बुडणं, ते येत नाहीत तर आपण म्हणतो पालक उदासीन आहेत.

प्रवेशाचा लफडा वेगळाच. टीसी नाही, आधार गावी आजीकडे, वर डिसेंबर लागलेला. सर म्हणत होते दुसरीत बसवू, तिकडे दुसरीपर्यंतच गेली आहे म्हणते. मी सरांना दोष नाही देत, संचमान्यता, म्हणजे शाळेला शिक्षक किती मिळणार ते, आधार व्हॅलिड असलेल्या पोरांवर होते, आधार नसलेलं पोरगं वर्गात बसते, खिचडी खाते, पण कागदावर नसते, आणि दोन शिक्षकी शाळेला एक-एक पोरगं मोजावं लागते. पण आरटीई, म्हणजे शिक्षण हक्काचा कायदा, काढून दोघांनी बसून वाचलं तर त्यात गोंधळ काहीच नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४), वर्ष अर्धं उलटलं म्हणूनही नाही (कलम १५), टीसी यायला उशीर हे पण कारण चालत नाही (कलम ५), आणि मूल वयाप्रमाणे ज्या वर्गात बसायला पाहिजे त्याच वर्गात बसवायचं, मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं (कलम ४), ते तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत चालू शकते. कलम ९ मध्ये तर स्थलांतरित कुटुंबातल्या मुलांचा प्रवेश ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी असं सरळ लिहिलेलं आहे. म्हणून चौथीत घेतली. बापाच्या मोबाईलमध्ये गावच्या गुरुजींचा नंबर निघाला, त्यांना फोन लावला, त्यांनी दोन दिवसात तिचा पेन नंबर, म्हणजे पोराचा कायमचा शिक्षण क्रमांक, पाठवला आणि त्यांच्याकडून तिला युडायसच्या, म्हणजे सरकारच्या ऑनलाईन शाळा-नोंदीच्या, ड्रॉपबॉक्समध्ये टाकलं, मग आम्हाला इकडे ओढता आली. जे काम पत्रव्यवहारानं कदाचित मार्चपर्यंत लोंबकळलं असतं ते दोन फोनमध्ये झालं. गुरुजी फोनवर एवढंच म्हणाले, “लड़की होशियार है मैडम, बस घर का काम बहुत है।” हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. त्यातच सगळं उत्तर होतं.

आता वर्गातली गंमत. नागपुरात हिंदी सगळ्यांनाच येते, म्हणून मला वाटलं भाषेचा प्रश्न येणार नाही. पण शाळेतली मराठी वेगळी आणि चौकातली हिंदी वेगळी. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, “वही काढ.” ती माझ्याकडे पाहते आणि विचारते, “कौन सी?” मी म्हणते अगं वही, ती म्हणते हाँ, पर कौन सी. पोट्टे हसून हसून आडवे. मग “खाली बस” म्हटलं तर ही उठून रिकामा बेंच शोधायला लागली. तिसऱ्या दिवशी सगळ्यात भारी, मी गृहपाठाखाली पालकांची सही आणायला सांगितली, तर दुसऱ्या दिवशी वहीत मोठ्ठी बरोबरची खूण! दाईला, म्हणजे आईला, विचारलं म्हणे, सही है का, दाई म्हणाली सही है, मग हिनं टिक मारली. मला तेव्हा हसू आलं, पण घरी जाऊन विचार केला की वही, सही, खाली हे तीन शब्द आपण वर्गात दिवसातून पन्नास वेळा बोलतो, आणि पन्नास वेळा या पोरीला वाटत असेल की आपल्यालाच कळत नाही, बाकी सगळ्यांना कळते. शब्द अनोळखी असता तर तिनं विचारलं तरी असतं, हा ओळखीचा शब्द दगा देत होता. शिक्षा या शब्दाचं तर बोलूच नका, तिकडे शिक्षा म्हणजे शिक्षण, आमच्याकडे छडी.

याच्या अगदी उलटा घोळ वाचनात झाला. देवनागरी तिला येत होतीच, गावच्या शाळेत हिंदी वाचायला शिकलेली, त्यामुळे मराठीचं पुस्तक तिनं खडाखडा वाचलं, ळ सोडून. ‘बाळ’चं ‘बाड’ केलं फक्त. सर खूश, म्हणाले मॅडम ही तर आपल्या पोरांपेक्षा चांगली वाचते. आठ दिवस आम्ही याच भ्रमात. मग एकदा सहज विचारलं, धड्यातल्या आजीनं काय केलं, तर एक अक्षर सांगता येईना. ती वाचत नव्हती, नुसता आवाज काढत होती. लिपी सारखी असली की शिक्षक असा फसतो. उर्दू किंवा तेलुगूतून आलेलं पोरगं असतं तर पहिल्या दिवशी लक्षात आलं असतं.

मग माझा पूर्ण जोर भाषेवर. दोन भाषांची शब्दयादी केली, चित्रं चिकटवली, वर्गातल्या पोरांनाही छत्तीसगढीचे दहा शब्द शिकवले. आपल्याकडे ‘काहून’ तसं तिकडे ‘काबर’, हे पोट्ट्यांना इतकं आवडलं की महिनाभर वर्गात सगळे काबर-काबर करत होते. गणित मी तिला हिंदी माध्यमाच्या पुस्तकातून दिलं, बालभारतीची हिंदी माध्यमाची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, हे बऱ्याच जणांना सुचत नाही. संख्यांची नावं अडली, उनसठ आणि एकोणसाठ हे तिच्या डोक्यात एक होईनात. २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ आलं होतं आणि अख्ख्या महाराष्ट्रानं त्याची टिंगल केली होती, मीपण केली होती, पण नोनीला ‘पन्नास नऊ’ म्हटलं की गाडी सुटायची. तर असं.

हिंदी माध्यमाच्या शाळेचा विचार केला नव्हता असं नाही. महानगरपालिकेच्या हिंदी शाळा नागपुरात आहेत, आणि जे कुटुंब जूनमध्ये परत जाणार त्यांच्या पोरीसाठी प्रामाणिकपणे सांगायचं तर तेच बरोबर होतं. आरटीईमध्येही शक्यतो मातृभाषेतून शिकवा असंच आहे. पण आम्ही चौकशी केली ती शाळा साईटपासून चार किलोमीटरवर, मध्ये रिंग रोड, नऊ वर्षाची पोरगी एकटी कशी जाणार. आमची शाळा साईटपासून चालत सात मिनिटं. अंतर जिंकलं, भाषा हरली.

आणि इतकं सगळं करून हजेरी काय? डिसेंबरात एकवीस दिवस शाळा भरली त्यात नोनी सहा दिवस. आली की मस्त रमायची, पण दोन दिवस आली की चार दिवस गायब. मी म्हणायची, अजून भाषेची भीती गेली नाही. सर म्हणायचे, पोरं चिडवतात म्हणून असेल. चिडवत होती हे खरं. सकाळी ती बासी खाऊन यायची, रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, वर मीठ-कांदा, आणि कोणीतरी पाहिलं तर ‘शिळा भात, शिळा भात’ सुरू. मी वर्गात सांगितलं की २०२२ ला कामगार दिनाला छत्तीसगढच्या मुख्यमंत्र्यांनीच लोकांना बोरे-बासी खायचं आवाहन केलं होतं आणि स्वतःही खाल्ली होती, तेव्हा कुठे एक-दोघं चूप बसले. एका पालकानं मला गेटवर गाठून म्हटलं, मॅडम हे बाहेरचे लोक आपल्या पोरांत काहून बसवता. मी म्हटलं, भाऊ, १९५६ पर्यंत रायपूर-बिलासपूरची राजधानी नागपूरच होती, यांचे आजे कामासाठी आपल्याच राज्यात फिरत होते, बाहेरचे आताच झाले. पटलं नाही त्याला. पण गेला.

खरं कारण कळलं ते रेशनच्या दुकानात. झालं असं की दाई एकदा चुलीजवळ बसून म्हणाली, इथे तांदूळ फार महाग पडतो, गावी कार्डावर मिळतो. मी म्हटलं अहो तुमचं कार्ड इथे चालते की, वन नेशन वन रेशन कार्डमध्ये छत्तीसगढ २०२२ मध्येच आलं आहे, गावी आजीनं तिचा वाटा घेतला तरी तुमच्या वाट्याचा इथे उचलता येते. तिला खोटंच वाटलं. रविवारी तिला घेऊन गेले दुकानात. पहिल्या वेळी मशीननं अंगठा घेतला नाही, दुसऱ्या वेळी पण नाही, सिमेंट कालवून कालवून बोटाच्या रेषाच घासून गेलेल्या. दुकानदार वैतागला, लाईन मागे वाढत चालली. तिसऱ्या खेपेला बापाला नेलं, त्याचं एक बोट लागलं आणि तांदूळ निघाला. परत येताना दाईनं पिशवी डोक्यावर घेतली आणि माझ्याशी पहिल्यांदा धड बोलली. म्हणाली, बहिनजी, नोनीला शाळा आवडते, रात्री झोपेत पण तुमची ती कविता म्हणते, पण मी घमेलं घेऊन चौथ्या मजल्यावर चढते तेव्हा लहान्याला कोण पाहील? ज्या दिवशी शेजारची बाई सुट्टीवर असते त्या दिवशी नोनी शाळेत, बाकी दिवस नाही.

म्हणजे बघा. आम्ही महिनाभर शब्दयाद्या करत होतो आणि प्रश्न कमरेवरच्या बाळाचा होता. नळावर पहिल्या दिवशी मी स्वतः पाहिलं होतं ते बाळ. गावच्या गुरुजींनी सांगितलं होतं. भाषेचा प्रश्न होताच, पण तो शाळेत आल्यावरचा, ती येतच नव्हती ते या कारणानं. आपल्याला शिक्षक म्हणून जे सोडवता येते तोच प्रश्न आपल्याला दिसतो, असं काहीतरी असावं.

बाळाचं काय करायचं यात जानेवारी गेला. तेव्हाच्या कायद्यात पाळणाघर होतं, बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात, पण पन्नासच्या वर बायका कामाला असतील तरच, आणि या साईटवर अकरा रेजा. अंगणवाडीत चार वर्षाचा बाबू लगेच घेतला, ताई चांगल्या होत्या, पण तीनच्या आतल्या मुलाला तिथे पाकीटबंद आहार मिळतो, सांभाळायला कोणी ठेवत नाही. मधातच पौष पौर्णिमा आली आणि अख्खी साईट छेरछेऱ्याला गावी गेली, तिकडे त्या दिवशी पोरं दारोदार धान मागत फिरतात, आपल्याकडे जसं पोळ्याला बोजारा मागतात तसं समजा. बारा दिवस गैरहजर. सर म्हणाले नाव कमी करू. मी म्हटलं दिवाळीला आपण सुट्टी घेतो ती कॅलेंडरात छापलेली असते म्हणून, नाहीतर आपणही गैरहजरच. नाव राहिलं.

परत आल्यावर मी नोनीला म्हटलं, बाळाला घेऊनच ये. आठ दिवस ते बाळ चौथीच्या वर्गात सतरंजीवर लोळत होतं. वर्गाची वाट लागली, खोटं कशाला बोलू. कोणी त्याला खडू चाटवते, कोणी कडेवर घेऊन बाहेर पळते, आणि नोनीचं अर्धं लक्ष तिकडेच. दोन पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीत तक्रार केली. समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात, त्यात निम्म्या बाया, आणि एरवी आमच्या मीटिंगमध्ये बाया सही करून चहा पिऊन जातात. त्या दिवशी मात्र खिचडी शिजवणारी मावशी, जी स्वतः पालक म्हणून समितीत आहे, ती बोलली. “मायवो, लेकरू काय शाळा खाऊन राहिलं का? माझ्याजवळ द्या, मी तसंही दोन वाजेपर्यंत इथेच आहे.” आणि ठरलं. शेडच्या खांबाला आणि खिडकीच्या गजाला जुन्या लुगड्याचा झोका बांधला.

इथे एक गोष्ट मला आजही टोचते म्हणून लिहिते. मावशीचं मानधन किती तुटपुंजं असते हे सगळ्यांना माहीत आहे. एका गरीब बाईचं ओझं आम्ही दुसऱ्या गरीब बाईच्या मांडीवर ठेवलं आणि वर म्हणणार की शाळेनं मार्ग काढला. मी आणि सरांनी मिळून महिन्याला सहाशे रुपये तिला दिले, आधी घेईना, मग घेतले. दाई दर हफ्त्याच्या चुकाऱ्याला तिच्यासाठी काहीतरी आणायची, एकदा सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणि वांगी, एकदा गावाहून आणलेला चिवडा. पण याला व्यवस्था म्हणत नाहीत. मावशी आजारी पडली ते पाच दिवस नोनीपण आली नाही, सरळ हिशोब.

तरी फेब्रुवारी-मार्च मिळून चौवेचाळीस दिवसांत ती छत्तीस दिवस आली. तेव्हा मग भाषेवर केलेली मेहनत कामी आली, वाया नाही गेली. मी पद्धत अशी ठेवली की ती आधी धडा हिंदीत मला सांगणार, छत्तीसगढीत बोलली तरी चालेल, मग आम्ही दोघी मिळून मराठीत दोन वाक्यं लिहिणार. दोनच. तिच्या शेजारी मुद्दाम बडबडी पोरगी बसवली, हुशार नाही, बडबडी. हुशार पोरं उत्तर सांगून मोकळी होतात, बडबडी दिवसभर बोलत राहते. मार्चपर्यंत नोनी भांडायला लागली मराठीत, आणि भांडण आलं की भाषा आली असं मी समजते. सहीचापण तोडगा निघाला. रात्री दाईला नोनीच शिकवत होती, एप्रिलमध्ये वहीत वाकडंतिकडं का होईना नाव आलं, शेवटचं अक्षर रेघेच्या खाली घसरलेलं.

जे नाही जमलं तेही सांगते. बांधकाम कामगार मंडळात आईबापाची नोंदणी करायची होती, नोंदणी झाली की पहिली ते सातवीच्या मुलाला वर्षाला २५०० रुपये मिळतात, पंचाहत्तर टक्के हजेरी पाहिजे. पण नोंदणीला वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागते आणि ठेकेदार तो देईना, कागदावर माणूस दाखवला की त्याच्या मागे बाकीचं सगळं लागते ना. चार चकरा मारल्या. शेवटी बापच म्हणाला, मॅडम सोडा, याच्यानं आमचं कामच जाईल. त्याचं बरोबर होतं, मी सोडलं. आधी वाटायचं की हक्क आहे तर मागायलाच पाहिजे, पण मागण्याची किंमत मला नाही, त्याला द्यावी लागणार होती.

आणि साईटवरच्या अकरा पोरांपैकी शाळेत टिकली ती चारच. एकटी नोनी म्हणून हे लिहिणं सोपं जाते.

एप्रिलच्या शेवटी स्लॅबचं काम संपलं आणि ठेकेदारानं तीन दिवस आधी सांगितलं की निघायचं. आपल्याकडे अशा पोरांसाठी, दुसऱ्या शाळेत दाखवायला, शिक्षण हमी कार्ड असते, पण ते राज्याच्या बाहेर कोण विचारते. म्हणून मी टीसी दिला, आणि सोबत एक पान हिंदीत हातानं लिहिलं, तिकडच्या गुरुजींसाठी, की हिला काय येते, काय नाही, गणितात कुठपर्यंत आली, आणि घरी लहान भाऊ आहे त्याची सोय पाहा. हे शेवटचं वाक्य मी अधोरेखित केलं, मला कोणी केलं असतं तर बरं झालं असतं. मावशीनं झोक्याचं लुगडं सोडून, धुऊन, घडी करून दाईला दिलं. इतवारीहून शिवनाथ एक्सप्रेसनं गेले.

जुलैमध्ये बापाच्या मोबाईलवरून व्हॉइस मेसेज आला. मागं कोंबड्यांचा आवाज, बाळ रडते आहे, आणि नोनी एका दमात मराठीत बोलते, मध्ये मध्ये अडकत. म्हणते, मॅडम, मी पाचवीत गेली, बाबू आता मोठा झाला, लहान्याला तोच पाहते. मग थोडं थांबून हसायला लागली. म्हणे काल वर्गात मी बाजूच्या पोरीला म्हटलं, वही दे. तर ती म्हणते, कौन सी?